दोनास एक

लिफ्टचं दार मिटता मिटता मेट्रनबाईंनी पाय मध्ये घातला, आत आल्या आणि बटणांशीच बोलत असल्यासारख्या म्हणाल्या, "वाईट झालं हो मामांचं. मी तर ते राहावेत म्हणूनच लिहिलं होतं. पण तुम्ही दोघं एका बाजूला, मी एकटी काय करणार?" दुसऱ्या मजल्यावर त्या उतरूनही गेल्या. लिफ्ट तळाला आली, उघडली, मिटली, वरून कोणी बोलावलं म्हणून त्याला घेऊन पुन्हा वर निघाली, तरी तो आपला कोपऱ्यात फाईल छातीशी धरून उभा. तुम्ही दोघं? बाईंचं डोकं ठिकाणावर नसतं हे त्याला बारा वर्षं माहीत होतं. पण डोकं ठिकाणावर नसलेलं माणूससुद्धा परवा आपण काय लिहिलं ते विसरत नाही. आणि त्यानं, म्हणजे या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाच्या प्रमुखानं, तिघांच्या त्या चौकशी समितीच्या चिटणीसानं, स्वतः मामांना काढू नये असंच ठरवून लिहिलं होतं. मग दोघं म्हणजे कोण? उरला एकटा सर्जन. एकटा सर्जन दोघं कसा होईल? अंगानं म्हणाल तर झाला असता.

खोलीत येऊन बसला तरी पायाखालची लिफ्ट थांबली नव्हती. त्याला अशा वेळी राग येई, आणि राग आला की बरं वाटे. या इमारतीत त्याला जवळजवळ सगळ्यांचाच राग होता. सर्जन लोकांना वाटायचं की हातात सुरी आली म्हणजे अक्कल आपोआप येते. मेट्रनबाईंना प्रत्येक गोष्टीत वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की आपलं काम झालं असं त्या समजायच्या. अधीक्षक तर दिवसभर 'बघू' म्हणायचे आणि संध्याकाळी काहीही न बघता घरी जायचे. ही माणसं एकत्र बसून काही ठरवणार म्हणजे पूर्वी तमाशाच असे. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. कोणी रडलं की निकाल फिरला, कोणाला घरी जायची घाई झाली की निकाल लागला. म्हणून त्यानं चार वर्षांपूर्वी स्वतः डोकं चालवून पद्धत बसवली. कोणाचं मत विचारायचंच नाही. मत काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. आरोपाचे तीन साधे प्रश्न करायचे, प्रत्येक प्रश्नाला वेगळी चिठ्ठी, चिठ्ठीवर एक चौकट, चौकटीत 'हो' किंवा 'नाही'. बहुमत होईल ते त्या प्रश्नाचं उत्तर. तिन्ही उत्तरं 'हो' आली तर माणूस गेला, एक जरी 'नाही' आलं तर राहिला. चर्चा नाही, भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही. अधीक्षक खूश झाले, कारण त्यांना आता 'बघू'सुद्धा म्हणावं लागेना. लोक पाठीमागे त्याला चौकटराव म्हणू लागले. त्याच्या कानावर ते आलं तेव्हा त्यानं कपाळाला आठी घातली, पण आतून तो सुखावलाच.

याचं मूळ शोधायचं तर घराच्या भिंतींपाशी जावं लागेल. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या डोक्यात आलं की घराला रंग द्यायचा आणि तो सगळ्यांना विचारून द्यायचा. वडील भले गृहस्थ होते, म्हणजे घरात त्यांचं कोणी ऐकत नसे. आईला पांढरा हवा होता, काकाला पिवळा, मोठ्या बहिणीला निळा. तिघांनी हट्ट धरला. वडील रात्रीच्या जेवणाला म्हणाले, बरं, पहिली पसंती राहू दे, दुसरी सांगा. तिघांनीही वैतागून हिरवा म्हटलं. ज्याला काही नको असतं तो दुसरं काहीतरी म्हणतो, तसंच. वडिलांचा चेहरा उजळला. एकमत! पुढची अकरा वर्षं ते सगळे कोणालाच नको असलेल्या हिरव्या खोल्यांत राहिले. त्या भिंतींवर दिवा लागला की माणसं आजारी दिसत. बहीण भिंतीकडे पाठ करून झोपायची. काका जेवताना दरवेळी म्हणायचा, "कोणाच्या डोक्यातून आला हा रंग?" आणि वडील शांतपणे म्हणायचे, "सगळ्यांच्या." काका चिडून ताट सरकवायचा. पोरगा असलेला तो हे सगळं बघत होता. माणसांना विचारणं हाच मूर्खपणा आहे, हे त्यानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. वडील गेल्यावर त्यानं पहिल्या महिन्यात भिंती पांढऱ्या करून टाकल्या, कोणालाही न विचारता. तेव्हा बहीण म्हणाली, "अरे, हिरव्याची सवय झाली होती रे." ही माणसं अशीच असतात.

आता प्रश्न मामांचा होता. मामा कोणाचे मामा होते कोण जाणे, पण सव्वीस वर्षं रक्तपेढीत होते आणि सगळ्या रुग्णालयाचे मामा होते. त्यांचं काम एकच. रक्ताच्या पिशव्यांच्या मोठ्या फ्रिजवर गोल तबकडी असते, दर दोन तासांनी तिच्यावरचा काटा बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा नेहमी चार अंश. सव्वीस वर्षं चार, चार, चार. त्या वह्या शेवटी त्याच्याच विभागात येऊन पडत, आणि तो त्या चाळताना म्हणे, याला नोंद म्हणतात की शुद्धलेखन? गेल्या महिन्यात एका दुपारी मामांनी दोन वाजता चार लिहिले, चार वाजता चार लिहिले, आणि सहाला दुसऱ्या तंत्रज्ञानं फ्रिज उघडला तर पिशव्या कोमट. अठ्ठेचाळीस पिशव्या फेकाव्या लागल्या. फ्रिज तापला की वाजायला हवी ती घंटा सहा महिन्यांपासून मुकी होती. ती दुरुस्त करा असा अर्ज तीन टेबलांवर फिरून आला होता, पण घंटेला कामावरून काढता येत नाही, मामांना काढता येतं. मामांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आणि मामी, म्हणजे मामांची बायको, आठवड्यातून दोनदा याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर डायलिसिसला येत. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना इथं उपचार फुकट असत. कर्मचारी गेला की ते गेले. हे समितीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. मेट्रनबाई तर मामींना सुई टोचायला कधी कधी स्वतः जायच्या.

समितीपुढचे तीन प्रश्नही त्यानंच लिहिले होते. पहिला, त्या दुपारी चारची नोंद करायची जबाबदारी मामांची होती का? दुसरा, मामांनी काटा न बघता आकडा लिहिला का? तिसरा, चारला खरा आकडा लिहिला गेला असता तर रक्त वाचलं असतं का? स्वच्छ प्रश्न. तिसऱ्याला त्यानं 'नाही' लिहिलं होतं, आणि लिहिताना त्याला स्वतःच्या न्यायबुद्धीचं कौतुकही वाटलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या अहवालात, जो त्याच्याखेरीज कोणी वाचण्याची शक्यता नव्हती, मशीन दुपारी दोन वाजून गेल्यावर लगेचच बंद पडल्याचं लिहिलं होतं. चारपर्यंत रक्त केव्हाच बाद झालेलं. म्हणजे मामा कामचुकार खरे, पण नुकसान त्यांचं नाही. एक 'नाही' पुरेसं होतं. त्यानं ते लिहिलं आणि निर्धास्त झाला. नंतर मोजताना तिसऱ्या प्रश्नावर दोनास एक असं 'हो' निघालं, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. दोन मूर्ख आणि एक शहाणा, म्हणजे दोनास एकच व्हायचं. या दोघांना मामांना घालवायचंच आहे, तर घालवोत. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं बायकोला हेच सांगितलं. बायको भाजी चिरत म्हणाली, "मग तुम्ही बोलला का नाहीत तिथं?" तो म्हणाला, "बोलायचं नसतं, तीच तर पद्धत आहे." ती म्हणाली, "छान आहे." एवढंच म्हणाली, पण सुरी जरा जोरात चालली.

त्यानं कपाट उघडून पाकीट काढलं. त्यात नऊ चिठ्ठ्या होत्या, प्रश्नवार तीन गठ्ठ्यांत. कोणी काय लिहिलं हे कळू नये म्हणून चिठ्ठ्या प्रश्नवारच लावायच्या, माणूसवार कधीच नाही, हा नियमही त्याचाच. आज त्यानं गठ्ठे सोडले. अक्षर ओळखायला अडचण नव्हती. सर्जनचं 'हो' घाईनं खरडलेलं, बाईंचं गोल आणि वर्गातल्या फळ्यावरच्यासारखं, स्वतःचं उभं आणि बारीक. टेबलावर त्यानं तिघांच्या तीन रांगा मांडल्या. बाई: हो, नाही, हो. सर्जन: नाही, हो, हो. तो स्वतः: हो, हो, नाही. त्यानं परत बघितलं. रांगा बदलून बघितल्या, जणू त्यानं काही फरक पडणार होता. तिघांच्याही रांगेत एकेक 'नाही' होतं. नियमाप्रमाणे एक 'नाही' म्हणजे मामा राहिले. म्हणजे तिघांनीही, प्रत्येकानं आपापल्या परीनं, मामांना ठेवलं होतं. फक्त तिघांची 'नाही' तीन वेगळ्या चौकटींत पडली होती, त्यामुळे प्रत्येक चौकटीत 'हो' दोन आणि 'नाही' एक. दोनास एक, दोनास एक, दोनास एक. मामा गेले. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे त्याची नजर गेली आणि उगाचच ती त्याला हिरवट वाटली.

सर्जन शस्त्रक्रियेतून बाहेर येऊन हात पुसत होता. याला तर सरळ विचारायचीच सोय नाही, प्रत्येक गोष्टीचा विनोद करतो. "पहिल्या प्रश्नाला 'नाही' तुम्ही लिहिलंत?" त्यानं विचारलं. सर्जन म्हणाला, "चिठ्ठ्या गुप्त ना हो चौकटराव? हो, मीच लिहिलं. पावणेचारला मामांना मीच इथं बोलावून घेतलं होतं, पेशंटच्या रक्ताचा नमुना न्यायला. पाच वाजेपर्यंत ते माझ्या दाराशी उभे होते. चारचा आकडा त्यांनी मागाहून लिहिला असेल, पण माझ्या हुकुमानं दुसरीकडे असलेल्या माणसाची ती जबाबदारी कशी? सुटणार ते, एवढंच पुरे म्हटलं. तुम्ही दोघांनी घोळ घातलात." परत तेच. तुम्ही दोघं. मेट्रनबाईंचं म्हणणं फोनवर दोन मिनिटांत कळलं. तबकडीचा तो काटा चारावर अडकतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं होतं. मामांनी बघूनच लिहिलं असणार, काटाच खोटा, बिचाऱ्या मामांचा काय दोष. त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. या दोघांची कारणं एकमेकांना मारणारी होती. काटा बघितला म्हणावं तर मामा तिथं नव्हते, आणि नव्हते तर काटा बघितला कसा? पण मूर्खांच्या कारणांनाही एकेक मत असतं, आणि ते शहाण्याच्या मताइतकंच जड भरतं. तोलायला तागडी त्याचीच होती.

तीन वाजता तो अधीक्षकांसमोर बसला. आदेश टाईप होऊन त्यांच्या टेबलावर आला होता, सही पाचपर्यंत व्हायची होती. त्यानं सगळं समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून सांगितलं. अधीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे तिघांनाही त्याला ठेवायचंय?"

"हो."

"आणि तिघांनी मिळून त्याला काढलंय."

"पद्धतीप्रमाणे, हो."

"तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते हेच," अधीक्षक म्हणाले, आणि त्यांना ते बोलून फार बरं वाटल्याचं दिसलं. "पण पद्धत तुमचीच की हो. मी मध्ये पडलो तर उद्या म्हणतील, अधीक्षक समितीला मानत नाहीत. सोपं आहे. पाचच्या आत तुमच्यापैकी कोणीही एकानं एका 'हो'चं 'नाही' करून द्या. माझी नजरचूक झाली होती, असं लिहा. एका चौकटीचा प्रश्न आहे. एक तरी द्या, मी आदेश फाडतो."

एक चौकट. जिना चढताना त्याला वाटलं, चला, या बिनकण्याच्या माणसानंसुद्धा आज एक शहाणपणाचं वाक्य काढलं. चार वाजता तिघं समितीच्या खोलीत जमले. लांबट टेबल, सहा खुर्च्या, पाण्याची बाटली आणि मधोमध ते पाकीट. त्यानं सांगितलं काय करायचं ते, आणि दुरुस्तीचा अहवालही पुढे सरकवला. मेट्रनबाई लगेच म्हणाल्या, "देवाशपथ, मला मामांचं फार वाटतं. पण जबाबदारी त्यांची नव्हती असं मी कसं लिहू? माझ्याकडे ड्युटीचा तक्ता आहे. आणि खरा आकडा कळला असता तर रक्त वाचलं असतं, नाही कसं? घंटा सहा महिने मुकी ठेवणाऱ्यांच्या अहवालावर मी विश्वास ठेवू? मी खोटं नाही लिहिणार. डॉक्टर, तुम्ही लिहा." सर्जन म्हणाला, "मी? ते माझ्या दाराशी उभे होते, मग काटा बघितला असं लिहू? उद्या कोर्टात गेलं तर मला वेड्यात काढतील. आणि त्या अहवालावर माझाही विश्वास नाही. तुम्हीच लिहा चौकटराव, दुसऱ्या प्रश्नाला. तुमचं अक्षर बारीक आहे, कोणाला दिसायचं नाही." आणि स्वतःच्या विनोदावर तो हसला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर उंदरांनीच, पण कोणत्या? मग दोघंही त्याच्याकडे बघू लागले. त्यानं पेन हातात घेतलं होतं. दुसऱ्या प्रश्नाची त्याची चिठ्ठी समोरच होती, उभ्या बारीक अक्षरातलं 'हो'. पहिल्या प्रश्नापुरतं तक्त्यात मामांचंच नाव होतं, आणि मामांनी काटा बघितला नव्हता. हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ माहीत होतं. बावीस वर्षं त्यानं कागदावर एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. वडिलांनी घातलेला घोळ, बहिणीचं भिंतीकडे पाठ करून झोपणं, या इमारतीतली असली-नसली सगळी लबाडी, या सगळ्यापुढे तो जो ताठ उभा होता तो याच एका गोष्टीच्या जोरावर. खोटा आकडा लिहिल्याबद्दल एका माणसाला काढायचं, आणि त्याला वाचवायला आपण खोटा शब्द लिहायचा? मग आपल्यात आणि मामांमध्ये फरक काय? फरक असा की मामींची चौथ्या मजल्यावरची खाट, असं कोणीतरी आत म्हणालं. ते त्यानं ऐकलं. साफ ऐकलं. तरी पेनाचं टोपण लावलं आणि तो म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." बाईंनी डोळे पुसले. सर्जननं घड्याळ बघितलं. कोणाचाही आवाज चढला नाही, खुर्च्या सरकल्या आणि बैठक संपली. तिघांमध्ये एकमत झालं होतं की लिहायचं ते दुसऱ्या कोणीतरी.

पाचला सही झाली. आदेश हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोचल्याची सही घ्यायची हे काम रेकॉर्ड विभागाचं. शिपायाला पाठवता आलं असतं. त्यानं स्वतः न्यायचं ठरवलं, आणि तळघराच्या पायऱ्या उतरताना आपण काहीतरी धीराचं करतो आहोत असंही त्याला वाटलं. किती थोडक्यात माणसाला धीर वाटतो! रक्तपेढीत मामा फ्रिजसमोर स्टुलावर बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होते. त्यांनी आदेश घेतला, हात लांब धरून सावकाश वाचला, सही केली आणि प्रत परत दिली. तो वळणार तोच मामा म्हणाले, "साहेब, एक विचारू? कोणी काढलं मला?"

"समितीनं."

"समिती म्हणजे कोण? सकाळी मेट्रनबाई रडल्या माझ्यापाशी, म्हणाल्या मी ठेवा म्हटलं होतं. दुपारी डॉक्टर भेटले, ते म्हणाले मीही ठेवा म्हटलं होतं. मोठे साहेब म्हणतात, मी फक्त सही करतो. घरी जाऊन मामीला काय सांगू? तिला कोणाचं तरी नाव लागेल ना. दोन शिव्या तरी हासडेल, जीव हलका होईल तिचा. हवेला शिव्या कशा द्यायच्या?" मामांचा आवाज चढलेला नव्हता, चौकशी करावी तसे ते विचारत होते. "सव्वीस वर्षं झाली हो. नाव तर सांगा."

तो परत वळला. त्याला पहिल्यांदाच समजलं की या सगळ्या गोष्टीत एकही माणूस असा नाही ज्याचं बोट धरून मामांसमोर उभं करता येईल, आणि हे त्यानंच करून ठेवलं होतं, मुद्दाम, अभिमानानं, चार वर्षं. कोणीच नसण्याची त्याला एकाएकी फार लाज वाटली. या माणसाला निदान एक तोंड तरी द्यावं, ज्यावर तो थुंकेल. एवढं आपण देणं लागतो. तो म्हणाला, "मी. मी काढलं तुम्हाला, मामा. माझं नाव सांगा मामींना."

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मान हलवली.

"नाही हो साहेब," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलता? एकट्यानं कोणाला काढायचं म्हणजे छाती लागते. ती तुमच्यात कुठली?"

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजायला आले होते. मामा उठले, वही उघडली आणि फ्रिजच्या तबकडीपाशी वाकले.

"सरका जरा," ते म्हणाले. "उजेड अडतोय."